सीए झाल्यावरचा सगळ्यात अवघड टप्पा, जो तुमच्याही धंद्यात येणार आहे



तारीख होती २९ सप्टेंबर २०२३. आदल्याच दिवशी अनंत चतुर्दशी झाली होती, रस्त्याच्या कडेला गुलाल अजून तसाच होता. रात्री साडेअकराला बाजारपेठेतून घरी जाताना एका सीए मित्राच्या ऑफिसची लाईट चालू दिसली, म्हणून वर गेलो.

आत तो एकटाच. दुपारचा डबा न उघडता तसाच बाजूला. समोर टॅली उघडलेलं. टॅक्स ऑडिटचा रिपोर्ट अपलोड करायला दुसऱ्या दिवशीची, म्हणजे ३० सप्टेंबरची मुदत. पण तो नवीन काही करत नव्हता. सहाय्यकाने पूर्ण केलेलं काम तो पहिल्या एंट्रीपासून पुन्हा बघत होता. सहाय्यक आठ वाजताच घरी गेले होते.

मी म्हटलं, "अरे, हे एकदा झालंय ना?"

"झालंय. पण सही माझी आहे."

मग खुर्चीत मागे टेकून म्हणाला, "परीक्षा सोपी होती रे. तिथं माझा पेपर मीच लिहायचो."

हे वाक्य माझ्या डोक्यातून गेलं नाही. या आठवड्याच्या व्हिडिओत त्यावर थोडं बोललो होतो. इथे सविस्तर सांगतो, कारण आकड्यांशिवाय हा विषय कळत नाही. तुम्ही म्हणाल, आम्हाला सीएच्या करिअरशी काय करायचंय? आम्हाला तर मसाल्याचा, फॅब्रिकेशनचा, केटरिंगचा धंदा करायचाय. शेवटपर्यंत वाचा. हा टप्पा तुमच्या वाटेवरही आहे.

आधी शिडी समजून घ्या

आपल्याकडे सनदी लेखापालांची संस्था, म्हणजे आयसीएआय, १ जुलै १९४९ ला कायद्याने स्थापन झाली. म्हणून १ जुलैला सीए दिवस असतो. सीए व्हायचं तर फाउंडेशन, मग इंटरमीजिएट, मग आर्टिकलशिप आणि शेवटी फायनल. आर्टिकलशिप म्हणजे एखाद्या सीएच्या हाताखाली काम शिकणं. पूर्वी ती तीन वर्षांची होती, २०२३ च्या नव्या योजनेपासून दोन वर्षांची झाली.

परीक्षा किती अवघड? नोव्हेंबर २०२४ च्या फायनलला दोन्ही ग्रुप एकत्र दिलेल्यांपैकी साधारण १३ टक्के मुलं सुटली. शंभरातली सत्याऐंशी मुलं निकालाच्या दिवशी घरी काय सांगायचं याचा विचार करत बसली असतील. तेव्हा हा टप्पा सोपा आहे असं मी अजिबात म्हणणार नाही.

आर्टिकलशिपही सोपी नाही. सकाळी क्लास, दिवसभर ऑफिस, रात्री अभ्यास. कधी गोडाऊनमध्ये उभं राहून पोती मोजायची, कधी कोणाच्या फॅक्टरीत जुन्या व्हाउचरच्या फायली उपसायच्या.

त्यानंतर स्वतःची प्रॅक्टिस सुरू करायची तर आणखी एक अडचण. तुम्ही दुकान टाकलं की पत्रकं वाटता, बोर्ड लावता, इन्स्टाग्रामवर रील टाकता. सीएला ती मोकळीक नाही. जाहिरात करून किंवा लोकांकडे जाऊन काम मागणं हे सनदी लेखापाल कायद्यात व्यावसायिक गैरवर्तन धरलं आहे. अपवाद फार थोडे. म्हणजे ऑफिस थाटायचं, पाटी लावायची आणि एका गिऱ्हाइकाने दुसऱ्याला सांगेपर्यंत वाट बघायची. पहिली दोन वर्षं तर बहुतेकांना भाडं निघेल की नाही याचीच चिंता असते.

हे सगळे टप्पे कठीण आहेत. पण त्यांच्यात एक गोष्ट सारखी आहे. जास्त मेहनत केली तर पुढे सरकता येतं. अभ्यास वाढवा, तास वाढवा, झोप कमी करा, काहीतरी फळ मिळतं.

खरा अवघड टप्पा तो, जिथे जास्त मेहनत केली की माणूस आणखी खोल रुततो.

चाळीस गिऱ्हाइकांपासून सत्तरपर्यंत

माझ्या मित्राचीच गोष्ट घेऊ. त्याने सांगायला परवानगी दिली आहे. हिशोब कळावा म्हणून आकडे गोल केलेत.

पहिल्या काही वर्षांत त्याच्याकडे ४० गिऱ्हाइकं झाली. महिन्याच्या कामाची फी सरासरी २,००० रुपये. म्हणजे ८०,००० रुपये जमा. ऑफिस, सॉफ्टवेअर, इंटरनेट, पेट्रोल मिळून २०,००० खर्च. हातात ६०,०००. एका गिऱ्हाइकाला महिन्याला ३ तास लागायचे, म्हणजे १२० तास. उरलेल्या वेळात रिटर्न, ऑडिट, नोटिसांची उत्तरं. दमायचा, पण निभायचं.

काम चांगलं, म्हणून नाव झालं. नाव झालं म्हणून गिऱ्हाइकं वाढली. ७० झाली. आता जमा १,४०,०००. वा! पण एकट्याने होईना, म्हणून तीन सहाय्यक ठेवले, प्रत्येकी १८,००० पगार. झाले ५४,०००. जागा मोठी घेतली, कॉम्प्युटर वाढले, तो खर्च २८,०००. एकूण खर्च ८२,०००. हातात उरले ५८,०००.

नीट बघा. गिऱ्हाइकं पावणेदोन पट, आणि घरी येणारे पैसे दोन हजारांनी कमी!

आता वेळेचा हिशोब. काम सहाय्यक करतात. पण त्यांचं काम हा पहिल्यापासून तपासणार, कारण विश्वास बसत नाही. एका गिऱ्हाइकाच्या तपासणीला २ तास धरा. ७० गुणिले २ म्हणजे १४० तास. एकटा होता तेव्हा १२० तास लागायचे. म्हणजे तीन माणसं ठेवून त्याचं काम वीस तासांनी वाढलं.

त्यात कॅलेंडर थांबत नाही. ७ तारखेला टीडीएस भरायचा. ११ ला जीएसटीआर-१. १४ ला २बी येतं, म्हणजे पुरवठादारांनी दाखवलेल्या खरेदीचा तक्ता. २० ला ३बी. हे झालं की पुढच्या महिन्याची ७ येतेच. मध्ये जून, सप्टेंबर, डिसेंबर, मार्चच्या १५ तारखा ॲडव्हान्स टॅक्सच्या. कधी सरकार मुदत वाढवून देतं, पण बऱ्याचदा अगदी तोंडावर आल्यावर. तोपर्यंत रात्री जागून झालेल्या असतात.

मोठ्या शहरातल्या मोठ्या फर्ममध्ये हाच टप्पा 'मॅनेजर' या नावाने येतो. काल-परवापर्यंत ज्याचं काम सगळ्यात स्वच्छ म्हणून शाबासकी मिळत होती, त्याला मॅनेजर करतात. मग एकाच वेळी तीन-चार ऑडिट, खाली नवीन मुलं, वर पार्टनर आणि समोर गिऱ्हाईक कंपनीचा फायनान्सचा साहेब. स्वतः व्हाउचर बघायला वेळ नाही, आणि दुसऱ्याने बघितलेलं पटत नाही. तालुक्याच्या गावातली प्रॅक्टिस असो की मुंबईतली फर्म, दुखणं एकच.

एक बिल, जे कोणाच्याच यादीत नव्हतं

आता मुख्य गोष्ट सांगतो. त्या सप्टेंबरच्या आठ-नऊ महिने आधीची.

मित्राचं एक जुनं गिऱ्हाईक, फॅब्रिकेशनचं वर्कशॉप. नऊ वर्षांचा संबंध. मालक वयाने मोठे, याला 'साहेब' म्हणतात आणि हा त्यांना 'काका'. काकांनी जानेवारी २०२२ मध्ये पत्रा कापायचं मशीन घेतलं. किंमत ८ लाख, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे १,४४,००० रुपये. हे १,४४,००० इनपुट टॅक्स क्रेडिट म्हणून काकांना मिळायला हवे होते.

पण पुरवठादाराने ते बिल वेळेत दाखवलंच नाही. २बी मध्ये ते येईना. २बी मध्ये नाही तर क्रेडिट घेता येत नाही, म्हणून सहाय्यक मुलाने ते बाजूला ठेवलं. बरोबरच केलं. स्वतःच्या डायरीत नोंद केली, "मशीनचं बिल पेंडिंग". एप्रिलअखेर त्या मुलाला दुसरीकडे चांगली नोकरी मिळाली. तो गेला, डायरी त्याच्याबरोबर गेली. मे महिन्यात पुरवठादाराने बिल दाखवलं. नवीन आलेल्या मुलीला ते जुन्या वर्षाचं बिल दिसलं, तिला वाटलं आधीच घेतलं असेल.

कायदा असा आहे, की एका आर्थिक वर्षाच्या बिलाचं क्रेडिट पुढच्या वर्षीच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येतं. त्याआधीच त्या वर्षाचं वार्षिक रिटर्न भरलं, तर भरल्या तारखेपर्यंत. ३० नोव्हेंबर २०२२ निघून गेली. जानेवारीत काकांनी सहज विचारलं, "साहेब, मशीनचं ते क्रेडिट कुठं वापरलं?"

आणि तेव्हा ते उघडकीला आलं.

मित्र दोन दिवस झोपला नाही. तिसऱ्या दिवशी स्वतः वर्कशॉपवर गेला आणि सगळं सांगितलं. सहाय्यकाचं नाव घेतलं नाही. "चूक माझ्या ऑफिसची आहे, म्हणजे माझी आहे," एवढंच म्हणाला. काका बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "तुम्ही सांगायला आलात, हे चांगलं केलंत." पैशाचं असं ठरलं, की फी वळती होत राहील. महिन्याची आणि वर्षाच्या ऑडिटची मिळून तीन वर्षांची फी गेली. काका राहिले. पण त्यांच्या भावाच्या दुकानाचे कागद पुढच्या महिन्यात दुसऱ्या सीएकडे गेले. त्याबद्दल कोणी काही बोललं नाही. बोलायची गरजही नव्हती.

आता सांगा, यात चूक कोणाची? मुलाने नोंद केली होती. मुलीने अंदाज केला, तो चुकला. मित्राने त्या काळात काकांच्या फाईलवर किती तास घालवले असतील? भरपूर! पण ते सगळे तास झालेल्या एंट्र्या पुन्हा बघण्यात गेले. राहिलेली एंट्री झालेल्या एंट्र्यांमध्ये कशी दिसणार?

चूक झाल्यावर आपण सगळे जे करतो, तेच त्याने केलं

त्याने ठरवलं, यापुढे सगळं मीच बघणार.

ही या टप्प्यातली सगळ्यात मोठी फसगत. बाहेरून ती जबाबदारी वाटते. आठ महिने त्याने सहाय्यकांच्या हातातून एकेक काम काढून घेतलं. ते फक्त एंट्र्या मारणारे उरले. चूक झाली तरी सर रात्री दुरुस्त करतात, हे त्यांना माहीत झालं. मग कशाला डोकं लावायचं? तिघांपैकी जो खरंच हुशार होता, तो कंटाळून जुलैमध्ये सोडून गेला. म्हणून २९ सप्टेंबरच्या रात्री साडेअकराला लाईट चालू होती.

हा टप्पा इतका अवघड का, याची मला तीन कारणं दिसतात.

पहिलं, ज्या गुणामुळे तुमचं नाव झालं तोच गुण आता बाजूला ठेवायचा असतो. दहा-बारा वर्षं त्याला एकच गोष्ट शिकवली गेली, की स्वतः बारकाईने बघ. दुसऱ्याकडून बारकाईने करवून कसं घ्यायचं, हे कोणत्याच पेपरला नव्हतं.

दुसरं, काम वाटता येतं, सही वाटता येत नाही. २०१९ पासून सीएच्या प्रत्येक प्रमाणपत्राला आणि ऑडिट रिपोर्टला यूडीआयएन नावाचा १८ अंकी क्रमांक लागतो. तो सही करणाऱ्या सीएच्या नावावर निघतो. रिपोर्टमध्ये हलगर्जीपणा झाला तर संस्थेच्या शिस्त समितीपुढे उभं राहायचं ते सही करणाऱ्याने. सहाय्यकाला कोणी बोलावत नाही. अशा वेळी भीती वाटणं चुकीचं कसं म्हणायचं?

तिसरं, नेमक्या याच टप्प्यात हातातले पैसे कमी होतात. पगार १ तारखेला द्यावाच लागतो, फी मात्र "साहेब, बघतो पुढच्या आठवड्यात". घरचे विचारतात, एवढं काम वाढलंय म्हणता, मग पैसे कुठं आहेत? उत्तर नसतं.

दिव्याखाली अंधार

त्या रात्री आम्ही खाली टपरीवर चहाला गेलो. मी त्याला एकच विचारलं, "तू एखाद्या कंपनीचं ऑडिट करतोस तेव्हा सगळी व्हाउचर बघतोस का?"

"वेडा आहेस का? नमुना काढून बघतो."

"मग स्वतःच्या ऑफिसचं का सगळं बघतोस?"

तो हसला. पण पुढच्या महिन्यात, दिवाळीच्या आधी, त्याने चार गोष्टी सुरू केल्या. गंमत म्हणजे चारही त्याच्या पुस्तकातल्याच होत्या. दुसऱ्यांच्या धंद्याला लावत होता, स्वतःच्या धंद्याला लावायच्या राहून गेल्या होत्या.

१. परक्या माणसाला कळेल असं लिहा. ऑडिटच्या मानकांमध्ये एसए २३० नावाचं एक मानक आहे. त्याचा गाभा असा, की ज्या अनुभवी ऑडिटरचा या कामाशी आधी काहीच संबंध नव्हता, त्याला नुसते कागद बघून काय केलं, काय आढळलं आणि काय ठरवलं हे कळलं पाहिजे. डायरीतलं "मशीनचं बिल पेंडिंग" या कसोटीला उतरत नाही. आता त्याच्या ऑफिसात प्रत्येक गिऱ्हाइकाच्या फाईलमध्ये पहिलंच पान 'राहिलेलं' असं आहे. बिल नंबर, रक्कम, का राहिलं, कोणाला फोन केला, शेवटची तारीख कोणती. माणूस सोडून गेला तरी पान फाईलमध्येच राहतं.

२. सगळं बघू नका, महत्त्वाचं बघा. ऑडिटमध्ये 'मटेरिॲलिटी' म्हणतात. म्हणजे कोणती चूक निर्णय बदलण्याइतकी मोठी आहे, हे आधी ठरवायचं. त्याने प्रत्येक गिऱ्हाइकासाठी पाच-सहा जागा ठरवल्या. राहिलेल्यांचं पान, मोठी खरेदी, रोखीचे मोठे व्यवहार, २बी आणि वहीतला फरक, मागच्या महिन्यापेक्षा अचानक वेगळा दिसणारा आकडा. तेवढं तो स्वतः बघतो. बाकीच्यातून नमुना. दोन तासांची तपासणी पाऊण तासावर आली. ७० गिऱ्हाइकांना १४० तास लागायचे, ते ५२-५३ तासांवर आले.

३. चूक दुरुस्त करू नका, परत पाठवा. हे त्याला सगळ्यात जड गेलं. दोन मिनिटांत स्वतः दुरुस्त होणारी चूक कागदावर लिहायची, सहाय्यकाला द्यायची आणि त्याने करून आणेपर्यंत थांबायचं. सुरुवातीला दोन मिनिटांच्या जागी वीस मिनिटं जायची. त्याला अक्षरशः हात बांधून बसावं लागायचं. तिसऱ्या महिन्यापासून त्याच चुका पुन्हा यायच्या थांबल्या.

४. काय करणार, किती घेणार, हे लेखी ठरवा. ऑडिट घेताना अटी लेखी ठरवायच्या असतात, त्यासाठी एसए २१० आहे. याने महिन्याच्या कामासाठीही एक पानाचं पत्र तयार केलं. कोणतं काम यात आहे, कोणतं नाही, बिलं कोणत्या तारखेपर्यंत द्यायची, फी किती आणि कधी. ७० जणांना दिलं. फी सरासरी २,६०० केली. १४ जणांनी नकार दिला, ते गेले. त्या रात्री त्याने मला फोन केला होता. "चौदा गेले रे." आवाज पडलेला होता. मी म्हटलं, आकडे मांड.

त्याने मांडले. उरले ५६. गुणिले २,६०० म्हणजे १,४५,६००. आधी ७० जणांकडून १,४०,००० यायचे. काम चौदांनी कमी, जमा ५,६०० ने जास्त. त्यातले ४,००० त्याने त्या मुलीच्या पगारात वाढवले. हो, तीच मुलगी, जिच्या अंदाजाने ते बिल राहिलं होतं. 'राहिलेलं' पानाची कल्पनाही तिचीच होती.

म्हणजे पहिल्या वर्षी त्याच्या हातात येणाऱ्या पैशात फार फरक पडला नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण यूट्यूबवर सगळे तुम्हाला 'तीन महिन्यांत उत्पन्न दुप्पट' सांगतात. फरक पडला तो वेळेत आणि झोपेत. पैशातला फरक त्यानंतर यायला लागतो, कारण आता नवीन गिऱ्हाईक आलं तर ते घ्यायला ऑफिसात जागा असते.

आता तुमच्या धंद्याकडे बघा

मसाला घरी कुटून विकणाऱ्या ताई भेटतात. महिन्याला पन्नास किलोपर्यंत सगळं छान. शंभर किलोला दोन बायका मदतीला ठेवल्या, पण भाजणी स्वतःच करणार. "माझ्यासारखा रंग कोणाला येत नाही." बरोबर आहे, येत नाही. कारण मिरची किती वेळ आणि किती आचेवर भाजायची, हे कुठे लिहिलेलंच नाही. ते ताईंच्या नाकात आहे. ताई आजारी पडल्या की धंदा आजारी पडतो.

केटरिंगवाल्याकडे एका दिवशी तीन लग्नं आली की तो तिन्ही ठिकाणी मोटरसायकलवर पळतो, आणि तिन्ही ठिकाणी तो निघून गेल्यावरच काहीतरी कमी पडतं.

पुढच्यापैकी दोन गोष्टी जरी तुमच्याकडे असतील तर तुम्ही या टप्प्यात शिरला आहात असं समजा:

- माणसं वाढली, पण तुम्ही घरी पूर्वीपेक्षा उशिरा जाता.
- विक्री वाढली, पण हातातले पैसे तेवढेच आहेत किंवा कमी झालेत.
- "त्यापेक्षा मीच करतो" हे वाक्य दिवसातून तीनदा तोंडात येतं.
- हुशार माणूस टिकत नाही, सांगकामे टिकतात.

हा टप्पा आला म्हणजे धंदा बिघडला, असं नाही. धंदा चालला म्हणूनच तो आला. पण इथे जास्त राबणं हा उपाय नाही, एवढं पक्कं लक्षात ठेवा.

आणि गिऱ्हाईक म्हणून तुमचंही काही काम आहे

"सीए काय, नुसती सही करायचे पैसे घेतात," असं आपण सहज म्हणतो. तुमचा सीए कदाचित याच टप्प्यातून जात असेल. आणि त्याच्या ऑफिसातली चूक शेवटी तुमच्या खिशातून जाते. म्हणून तीन सवयी लावून घ्या.

बिलं १८ तारखेला पिशवीत भरून नेऊ नका. ५ तारखेपर्यंत द्या. घाईत झालेल्या कामात चुका जास्त राहतात, हे सांगायला ऑडिटर लागत नाही.

दर महिन्याला एकच प्रश्न विचारा, "माझं कोणतं बिल २बी मध्ये आलेलं नाही?" यादी मागा आणि त्या पुरवठादाराला तुम्ही स्वतः फोन करा. तुमचा फोन तो सीएच्या सहाय्यकाच्या फोनपेक्षा लवकर उचलतो, कारण पुढची ऑर्डर तुम्ही देणार असता.

ऑक्टोबर महिन्यात, म्हणजे ३० नोव्हेंबरच्या आधी पुरेसा वेळ असताना, सीएसमोर बसून विचारा, "मागच्या वर्षाचं काही क्रेडिट राहिलंय का?" पंधरा मिनिटांचं काम आहे. काकांचे १,४४,००० या पंधरा मिनिटांत वाचले असते.

या आठवड्याचा गृहपाठ

तुमच्या धंद्यातलं एक काम निवडा, जे आज फक्त तुम्हालाच जमतं. ते एका पानावर लिहा. मग ते पान अशा माणसाला द्या ज्याला कामाचा अनुभव आहे, पण ज्याने तुमचं दुकान कधी बघितलेलं नाही. त्याला करायला सांगा. तुम्ही बाजूला बसा आणि हात लावू नका. जिथे तो अडेल, तिथे तुमचं पान अपुरं आहे. ते सुधारा, पुन्हा द्या. चार-पाच वेळा केलंत की ते काम तुमच्या डोक्यातून धंद्याच्या वहीत आलेलं असेल.

जाता जाता सांगतो. गेल्या महिन्यात १९ तारखेला रात्री नऊला मी मित्राच्या ऑफिसवरून गेलो. लाईट चालूच होती. दुसऱ्या दिवशी ३बी ची तारीख, बंद कशी असेल? वर गेलो तर ती मुलगी एका नव्या आर्टिकलला समोर बसवून 'राहिलेलं' पान कसं भरायचं ते समजावत होती.

"सर कुठं आहेत?" मी विचारलं.

"सर साडेसातलाच गेले. मुलाचं गॅदरिंग आहे."

मी खाली आलो. टपरीवर चहा घेतला. एकट्यानेच.

भेटू पुढच्या व्हिडिओत. तोपर्यंत ते एक पान लिहून ठेवा!